तोंडावरची मुरमे

पोरगा किंवा पोरगी वयात येऊ लागली की तोंडावर पुटकुळ्या उठतात. गाल, कपाळ, हनुवटी भरते. कधी पाठ आणि छातीही भरते. यांनाच आपण मुरमे म्हणतो. पुस्तकात तारुण्यपीटिका असा जड शब्द आहे. शहरातली मुले पिंपल म्हणतात. शब्द निराळे, दुखणे एकच. रस्त्यावर टाकतात तो मुरूम वेगळा, हे सांगायला नको. पण ज्याच्या गालावरून हात फिरवला की खडबड लागते, त्याला दोन्ही मुरमांचे नाते बरोबर कळते.

मुरमांनी कोणी मरत नाही. म्हणून घरची माणसे तिकडे लक्ष देत नाहीत. पण ज्याला आली आहेत त्याला विचारा. मुलगी शाळेत जाताना ओढणी तोंडावर ओढून घेते. मुलगा फोटो काढायच्या वेळी दुसऱ्याच्या मागे उभा राहतो. पाहुणे मुलगी बघायला येणार असले की घरात कुजबुज सुरू होते. मग कोणीतरी बाजारातून एक ट्यूब आणून देते. ‘ही लाव, आठ दिवसांत तोंड साफ होईल,’ असे सांगते. त्या ट्यूबने काय होते, ते या धड्यात पुढे येणार आहे. या धड्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. पण आधी मुरमे येतात कशाने, ते समजले पाहिजे. ते समजले की ट्यूबची गोष्ट आपोआप पटेल.

मुरमांची कारणे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतात. आजी म्हणते, “अंगात उष्णता झालीय.” चुलती म्हणते, “रक्त बिघडलंय. कडुलिंबाचा रस पाजा.” वडील म्हणतात, “तोंड नीट धूत नाही, मळ साचतो.” शेजारीण हळूच सुचवते, “लगीन करून टाका, आपसूक जातील.” आणि बरोबरीची पोरे काय म्हणतात ते तर लिहिण्याजोगे नाही. मनात वाईट विचार आले म्हणून मुरमे आली, असा त्या चेष्टेचा अर्थ असतो. पोर बिचारे गप्प बसते. त्याला वाटते, आपलेच काहीतरी चुकले.

त्याचे काही चुकलेले नसते. ते कसे, ते आता पाहू.

कातडीच्या आत काय चालते

आपली कातडी कोरडी पडून तडकू नये म्हणून शरीराने एक सोय करून ठेवली आहे. कातडीच्या आत तेलाच्या अगदी बारीक पिशव्या असतात. त्यांना तैलग्रंथी म्हणतात. केसाच्या मुळाजवळ त्या चिकटलेल्या असतात. त्यांच्यात तेल तयार होते. केस ज्या छिद्रातून वर येतो, त्याच छिद्रातून हे तेल वर येते आणि कातडीवर पसरते. तळहाताला आणि तळपायाला अशा ग्रंथी नसतात. म्हणून तिथे कधी मुरूम येत नाही. तोंड, छाती आणि पाठ या ठिकाणी त्या पुष्कळ असतात आणि मोठ्याही असतात. म्हणून मुरमे तिथेच येतात.

आता आपल्या शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. विहिरीचे पाणी पाटातून पिकाला जाते. पाटात पालापाचोळा अडकला तर पाणी तुंबते. वरून आणखी पाणी सोडले तर पाट फुटतो. कातडीतही असेच होते. छिद्राच्या आतल्या बाजूची कातडी सारखी झडत असते. तिचे बारीक कण तेलाबरोबर बाहेर पडतात. पण तेल जास्त सुटले आणि हे कण एकमेकांना चिकटून बसले, म्हणजे छिद्राला बूच बसते. बुचाचे तोंड बंद असले तर पांढरा दाणा दिसतो. उघडे असले तर काळा ठिपका दिसतो.

या काळ्या ठिपक्याला लोक मळ समजतात आणि घासघासून काढू बघतात. तो मळ नव्हे. आपल्या कातडीला रंग देणारे द्रव्य त्यात असते. त्याला आणि तेलाला हवा लागते आणि ठिपका काळा दिसतो. वांगे चिरून ठेवले की फोड काळी पडते. ती काही मळाने काळी पडत नाही. तसेच हे.

बुचाच्या मागे तेल साचत जाते. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर एका जातीचे जंतू राहतात. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्याच्या अंगावरही ते असतात. एरवी ते काही त्रास देत नाहीत. पण साचलेल्या तेलात ते फोफावतात. मग शरीर त्यांच्याशी लढायला लागते. ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, पू धरते. हा झाला मुरूम. सूज फार खोल गेली तर कातडीच्या आत गाठ होते. ती गाठ बरी होताना जागेवर खड्डा ठेवून जाते.

म्हणजे सगळी भानगड छिद्राच्या आत आहे. वरून कितीही साबण लावला तरी तो आतल्या बुचापर्यंत पोचत नाही. वडिलांचे म्हणणे इथेच चुकते.

तेल वाढवण्याचा हुकूम कोण देतो?

लहान पोरांना मुरमे का येत नाहीत? त्यांनाही तैलग्रंथी असतातच. पण त्या झोपलेल्या असतात. वयात येताना त्यांना कोणीतरी जागे करते. ते जागे करणारे द्रव्य म्हणजे हार्मोन. मराठीत संप्रेरक म्हणतात.

पूर्वी गावात दवंडी पिटत. दवंडीवाला गावभर फिरायचा. ऐकायचे सगळेच, पण ज्याच्यासाठी हुकूम असेल तोच उठून चावडीवर जायचा. हार्मोनचे काम असेच चालते. शरीरात ठिकठिकाणी ग्रंथी आहेत. त्या रक्तात हार्मोन सोडतात. रक्ताबरोबर ते अंगभर फिरते. पण ज्या अवयवासाठी ते असते, तोच अवयव कामाला लागतो. वयात येताना जे हार्मोन सुटते, त्याने मुलाला मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, बगलेत केस येतात. तोच हुकूम तैलग्रंथींनाही पोचतो. त्या मोठ्या होतात आणि भराभर तेल सोडू लागतात. या हार्मोनला पुरुषी हार्मोन म्हणायची पद्धत आहे. पण ते बायकांच्या शरीरातही थोडे असतेच. म्हणून मुलींनाही मुरमे येतात.

हे नुसते अंदाजाने सांगितलेले नाही. आपण शेतकरी माणसे. खोंड खच्ची केला की त्याच्यात सांडाची रग राहत नाही, हे आपल्याला माहीत आहे. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञाने काही कारणाने वृषण गमावलेली माणसे तपासली. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण गेले होते, त्यांना मुरमे आलीच नव्हती. मग त्यांना पुरुषी हार्मोन टोचले, तेव्हा काहींना मुरमे उठली. १९४१ साली त्याने हे छापून प्रसिद्ध केले. मुरमांच्या मुळाशी हार्मोन आहे, हे त्यावरून पक्के झाले. मनातले विचार, वाईट चालचलन, कोणाची नजर यांचा काही संबंध नाही.

मग एकाच घरात एका भावाचे तोंड साफ आणि दुसऱ्याचे भरलेले, असे का? दवंडी दोघांनाही सारखीच ऐकू येते. पण एकाच्या ग्रंथी ती जास्त मनावर घेतात. हा गुण बराचसा आईबापांकडून येतो. वडिलांना त्यांच्या तरुणपणी खूप मुरमे आली असतील तर मुलाला येण्याचा संभव जास्त. तेव्हा पोरावर ओरडण्याआधी वडिलांनी आपला जुना फोटो काढून बघावा.

बायकांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात मुरमे वाढतात आणि नंतर कमी होतात. असे पुष्कळ जणींचे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दुसरी गोष्ट मात्र लक्ष देण्याची आहे. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर किंवा ओठावर राठ केस येतात, वजन वाढते, आणि मुरमे विशी-पंचविशी उलटली तरी जात नाहीत, अशी लक्षणे एकत्र दिसली तर अंडाशयाच्या हार्मोनचा तोल बिघडलेला असू शकतो. याला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. हे काही विरळा दुखणे नाही. मूल होण्याच्या वयातल्या जगातल्या दर शंभर बायकांत दहा ते तेरा जणींना ते असते, आणि त्यांतल्या बहुतेकींना ते कळलेलेही नसते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे मूल राहायला अडचण येणे, मधुमेह होणे, असा त्याचा त्रास वाढू शकतो. औषधांनी आणि चालण्या-फिरण्याने ते आटोक्यात राहते. अशा मुलीला मलम आणून देऊन भागत नाही. तिला डॉक्टरकडे न्यायला हवे.

आता शेजारणीचे ‘लगीन करून टाका’. वय वाढले की बहुतेकांची मुरमे हळूहळू कमी होतात. लग्नही साधारण त्याच वयात होते. म्हणून लोकांना वाटते, लग्नाने गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, इतकेच. लग्नानंतरही मुरमे राहिलेल्या बायका गावात हव्या तेवढ्या सापडतील. आणि या कारणासाठी कोणी कोवळ्या पोरीच्या लग्नाची घाई करू लागले, तर अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करणे हा गुन्हा आहे, हेही त्याला सांगा.

खाण्याचा संबंध किती?

याबद्दल डॉक्टरांचीही मते बदलत आली आहेत. पूर्वी ते म्हणत, चॉकलेट खाऊ नका, गोड खाऊ नका. मग १९६९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. ६५ जणांना काही आठवडे रोज चॉकलेटची वडी खायला दिली. नंतर काही आठवडे चॉकलेट नसलेली, पण तशीच दिसणारी वडी दिली. मुरमांत फरक पडला नाही. झाले, डॉक्टर सांगू लागले की खाण्याचा आणि मुरमांचा काही संबंध नाही. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि चरबी जवळजवळ तेवढीच होती. म्हणजे एका वेळी गूळ घातलेला चहा दिला, दुसऱ्या वेळी साखर घातलेला दिला, आणि गोडाने फरक पडत नाही असे ठरवले. त्यातून चॉकलेट बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्या प्रयोगाला पैसा पुरवला होता. तरी पुढे कित्येक वर्षे त्याचा दाखला दिला जात होता.

२००२ साली एक वेगळी माहिती बाहेर आली. पापुआ न्यू गिनी नावाच्या देशात किटावा हे एक बेट आहे. तिथले लोक कंदमुळे, फळे, मासे आणि नारळ खाऊन राहत. साखर, मैदा, डब्यातले खाणे त्यांच्याकडे जवळपास पोचलेच नव्हते. डॉक्टरांनी तिथली १२०० माणसे तपासली. त्यांत तीनशे जण ऐन पंधरा ते पंचवीस वर्षांचे होते. एकाच्याही तोंडावर मुरूम नव्हते! हे सगळे खाण्यानेच झाले असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्यांचे रक्त वेगळे, हवापाणी वेगळे, कामधंदा वेगळा. पण विचार करायला लावणारी गोष्ट खरी.

खाणे आणि मुरमे यांना जोडणारा धागा कोणता, तेही आता बरेचसे कळले आहे. साखर, मैदा, गोड पेये असे पदार्थ पोटात झटकन विरघळतात आणि रक्तातली साखर एकदम चढते. ती उतरवायला शरीर इन्शुलिन नावाचे हार्मोन सोडते. मधुमेहाची माणसे टोचून घेतात तेच हे. इन्शुलिन वाढले की त्याच्या मागोमाग वाढीचे दुसरे एक हार्मोन जोर करते. ही दोघे मिळून तैलग्रंथींना आणखी चेव आणतात. चुलीत लाकूड आधीच पेटलेले असते, त्यात फुंकणीने फुंकर घातल्यासारखे होते. ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षांच्या ४३ तरुणांवर याचा प्रयोग केला. काही जणांना रक्तातली साखर हळूहळू चढवणारे जेवण १२ आठवडे दिले. बाकीचे त्यांचे नेहमीचे खात होते. मुरमे दोन्ही गटांत कमी झाली, पण पहिल्या गटात चांगलीच जास्त कमी झाली. हे २००७ साली प्रसिद्ध झाले.

लक्षात घ्या, फुंकणी म्हणजे लाकूड नव्हे. मूळ कारण हार्मोन आणि आईबापांकडून आलेली कातडी. खाणे त्यात भर घालते, आणि तीही सगळ्यांना सारखी नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सगळे पुरावे पुन्हा तपासले. अमुक खाल्ल्याने मुरमे जातील असे सांगायला पुरेसा पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. तेव्हा नुसते पथ्य पाळून तोंड साफ करून देतो असे कोणी म्हणाला तर त्याच्यावर विश्वास टाकू नका.

तरीही आपल्या खाण्याकडे एकदा बघायला हरकत नाही. आपले जुने जेवण काही वाईट नव्हते. ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, डाळ, उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे. यातले काहीच रक्तात एकदम साखर चढवणारे नाही. मग आले काय? सकाळी चहाबरोबर खारी किंवा टोस्ट. शाळेबाहेर वडापाव. दुपारी बिस्किटाचा पुडा. जत्रेत, लग्नात, एसटी स्टँडवर रंगीत गोड बाटली. आणि चहा! दिवसाचे पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे साखर नुसत्या चहातून पोटात गेली. म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम. थंड पेयाच्या तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत राहा, पंचवीसच्या आत राहिलात तर आणखी चांगले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे आपण नुसत्या चहातच हद्द गाठतो. मुरमे राहू द्या बाजूला, मधुमेहासाठी म्हणून तरी ही साखर कमी केलेली बरी.

दुधाचे काय? जास्त दूध पिणाऱ्यांत मुरमे थोडी जास्त दिसतात, असे काही पाहण्यांत आढळले आहे. पण म्हणून वाढत्या पोराचे दूध तोडू नका. आपल्याकडे मुलींच्या वाट्याला दूध आधीच कमी येते. तालमीत किंवा जिममध्ये जाणारी मुले दुधापासून केलेली प्रोटीनची भुकटी डबे भरभरून खातात. त्यांच्या पाठीवर मुरमे उठली तर मात्र ती भुकटी दोन-तीन महिने बंद करून बघावी.

तिखट, तेलकट आणि ‘उष्ण’ खाण्याने मुरमे येतात, याला पक्का पुरावा नाही. खाल्लेले तेल सरळ तोंडावर येत नाही. कडुलिंबाच्या रसाने रक्त ‘साफ’ होत नाही, कारण रक्त बिघडलेलेच नसते. आंबा खाऊन उन्हाळ्यात गळवे येतात म्हणतात. गळू म्हणजे मुरूम नव्हे, ते दुसरेच दुखणे. ज्याला एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी त्रास होतो, त्याने तो सोडून बघावा. घरातल्या सगळ्यांवर ते पथ्य लादू नये.

रोजच्या सवयी

तोंड सकाळ-संध्याकाळ साध्या साबणाने, हलक्या हाताने धुवावे. शेतातून, कामावरून घाम गाळून आल्यावर आणखी एकदा. बस्स. दगडाने, खरखरीत पंचाने, नारळाच्या शेंडीने घासू नये. घासल्याने कातडी चिडते आणि मुरमे वाढतात. बेसन लावायचे तर लावा, पण हलक्या हाताने. लिंबू, खाण्याचा सोडा, चुना, दात घासायची पेस्ट मात्र तोंडाला लावू नका. चुन्याने आणि लिंबाने कातडी भाजून कायमचे डाग पडलेले असतात.

आपल्याकडे डोक्याला तेल चोपडायची रीत आहे. तेल कपाळावर ओघळते आणि तिथल्या छिद्रांना बूच बसवते. एखादीची मुरमे फक्त कपाळावर आणि केसांच्या कडेला असली, तर आधी तेलाकडे बघावे. कमी लावावे, केसांनाच लावावे, रात्री लावून सकाळी डोके धुवावे. गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलांच्या हातांवर आणि मांड्यांवर अशाच पुळ्या येतात. तेलाने भिजलेले कपडे दिवसभर अंगाला घासतात, म्हणून. काम सुटल्यावर कपडे बदलले पाहिजेत.

पुळी फोडू नये. हे सगळ्यांना माहीत असते आणि आरसा दिसला की सगळेच फोडतात. फोडल्याने थोडा पू बाहेर येतो आणि बाकीचा आत खोल ढकलला जातो. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम गेल्यानंतरही काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. डाग पुढे फिका होतो. पण खड्डा पडला तर तो आपोआप भरत नाही.

जागरण आणि काळजी यांनीही मुरमे वाढतात. परीक्षेच्या दिवसांत पोरांचे तोंड भरते ते बहुधा यामुळेच.

काही औषधांनीही मुरमांसारख्या पुळ्या येतात. क्षयाच्या आणि फिटच्या काही गोळ्यांनी असे होते. पुळ्या आल्या म्हणून क्षयाची गोळी एक दिवसही बंद करू नका. डॉक्टरांना दाखवा. जिममध्ये चोरून मिळणारी शरीर फुगवायची इंजेक्शने मात्र तात्काळ सोडा. त्यांत तेच पुरुषी हार्मोन असते. मुरमे हा तर त्यांचा सर्वांत लहान अपाय आहे. काळीज आणि यकृतही त्यांनी बिघडते.

ती ट्यूब

आता त्या ट्यूबकडे येऊ. दुकानात ‘गोरे करणारी’, ‘डाग घालवणारी’ म्हणून पुष्कळ मलमे मिळतात. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असते. स्टिरॉइड हे चांगले औषध आहे, पण ते ज्याचे त्याच दुखण्यासाठी आणि थोडेच दिवस. ते मुरमांचे औषध नाही. तोंडाला लावले की चार दिवसांत लाली उतरते, सूज बसते, रंगही उजळ दिसतो. घरचे खूश होतात. मुलगी रोज लावू लागते. दोन-तीन महिन्यांनी कातडी पातळ होते. बारीक लाल शिरा दिसू लागतात. उन्हात गेले की तोंडाची आग होते. गालावर लव वाढते. आणि नवी मुरमे येतात, पहिल्यापेक्षा जास्त. घाबरून मलम बंद केले की तोंड भडकते, म्हणून ती पुन्हा लावते. दारू सोडताना हात थरथरतात म्हणून पुन्हा दारू घ्यावी, तशातली ही गत.

अशा मलमांचा धोका ओळखून सरकारने २०१८ साली चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती मिळतात. दुकानदार ओळखीचा असतो, गिऱ्हाईक हटून बसते.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. खोक्यावरची बारीक अक्षरे इंग्रजीत असली तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टिरॉइड समजा. खोक्यावर ‘आरएक्स’ अशी खूण असली, तर ते चिठ्ठीवरच द्यायचे औषध आहे. आणि खोक्यावर आत काय आहे ते लिहिलेलेच नसेल, तर ते मलम घेऊच नका. काही मलमांत पारा घालतात. पाऱ्याने रंग उजळतो आणि मूत्रपिंडे बिघडतात. २०२३ साली केरळात आणि आपल्या अकोल्यात गोरेपणाची मलमे लावणाऱ्या काही जणांची मूत्रपिंडे दुखावल्याचे उघडकीस आले, आणि मलमे तपासली तेव्हा त्यांत पारा सापडला.

घरात कोणी असे मलम बरेच दिवस लावत असेल तर तिला रागावू नका. ते हळूहळू कसे सोडायचे हे डॉक्टर सांगतात.

मुरमांवर खरी औषधे आहेत आणि ती चांगली लागू पडतात. एक आहे बेंझॉइल पेरॉक्साइड. त्याने जंतू मरतात. ते कपड्याला लागले तर कपड्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा टॉवेल वापरावा. दुसरे ॲडापॅलिन. ते रात्री, अगदी पातळ, सगळ्या तोंडावर लावतात, कारण उद्याची मुरमे आज साफ दिसणाऱ्या जागेतच तयार होत असतात. पहिले काही दिवस कातडी कोरडी पडते, थोडी चुरचुरते. गुण यायला सहा ते आठ आठवडे, कधी बारा आठवडे लागतात. स्टिरॉइड चार दिवसांत गुण दाखवते आणि खरे औषध दोन महिने घेते. लोक फसतात ते इथेच. दहा दिवस लावून ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात.

गरोदर बाईने, किंवा मूल राहण्याचा संभव असलेल्या बाईने, हे डॉक्टरला आधी सांगितलेच पाहिजे. ॲडापॅलिन गरोदरपणात लावत नाहीत. जुनाट मुरमांवर आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात. ती फार गुणकारी आहे, पण पोटातल्या बाळाला तिच्याने व्यंग येते. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पाकिटातली गोळी मागून घेणे, असे कधी करू नका.

चार-दोन पुटकुळ्या असल्या तर डॉक्टर गाठायची घाई नाही. खोल, दुखऱ्या गाठी असल्या, खड्डे पडू लागले, पाळीची तक्रार बरोबर असली, किंवा पोर तोंड लपवून घरात बसू लागले, तर मात्र थांबू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवतात. जाताना आजपर्यंत तोंडाला जे जे लावले त्या सगळ्या ट्यूब, डब्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या. रिकामी ट्यूबही टाकू नका. नाव आठवले नाही तरी डॉक्टर ती बघून ओळखतात.